पंडिता रमाबाई आणि राजा नसलेला देश

पंडिता रमाबाईंचे नाव ज्या घरी कोणी ऐकले नाही असे ख्रिस्ती घर आपल्या खेड्यापाड्यांत विरळाच सापडेल. केडगावचे मुक्तिसदन, दुष्काळाच्या तोंडातून सोडविलेल्या मुली, आणि मूळ भाषांवरून केलेले पवित्र शास्त्राचे सोपे मराठी भाषांतर, ह्यांविषयी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ह्याच बाईंनी १८८९ साली मराठीत एक ग्रंथ प्रसिद्ध करून, समुद्रापलीकडील एका मोठ्या देशाचे लोक राजावाचून आपला कारभार कसा चालवितात हे आपल्या लोकांस समजावून सांगितले, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. त्या ग्रंथाचे नाव 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. बाईंनी परदेशात जी तत्त्वे पाहिली ती पुढे त्यांच्याच घरात कशी कसोटीस लागली, हे वाचकांपुढे ठेवावे एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण असून त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. स्त्रीने ही विद्या शिकणे त्या काळी पाप मानीत, त्यामुळे शास्त्रीबोवांवर जातभाईंचा रोष झाला. तथापि त्यांनी शास्त्राचेच आधार दाखवून आपली बाजू मांडली व शिकविणे सोडले नाही. रमाबाईंस विद्या मिळाली ती आईच्या तोंडून. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरत असता मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला, आणि त्यात आईबाप व वडील बहीण अशी तिघेही गेली. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास हे पायी भटकत, उपासमार सोशीत, १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या.

बंधूच्या मरणानंतर १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलांशी सरकारी कायद्याप्रमाणे नोंदणी विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा. दोन वर्षांच्या आत पति पटकीने वारले आणि कडेवर मनोरमा नावाची लहान मुलगी राहिली. १८८२ साली त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, व सरकारच्या शिक्षण कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. पुढील वर्षी त्या इंग्लंडास गेल्या व २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बाप्तिस्मा घेतला म्हणून आपली बुद्धि कोणाच्या स्वाधीन केली असे बाईंनी मानले नाही. चेल्टनहॅम येथील कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी त्यास हरकत घेतली. बाईंनी ती हरकत निमूटपणे मान्य केली नाही. विश्वासाच्या बाबतीत देवापुढे ज्याचा तोच जबाबदार आहे, हे त्यांचे मत तेव्हापासून दृढ होते. ह्याच मताला मान देणारी राज्यव्यवस्था त्यांना लवकरच प्रत्यक्ष पाहावयास मिळाली.

१८८६ च्या फेब्रुवारीत त्या लिव्हरपूलहून जहाजावर चढल्या व मार्चमध्ये फिलाडेल्फियास उतरल्या. त्यांच्या दूरच्या नात्यातील आनंदीबाई जोशी ह्या ११ मार्च रोजी तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर व्हावयाच्या होत्या. त्या समारंभासाठी हे जाणे होते. थोड्या दिवसांच्या पाहुणीने जे गेले ते जवळ जवळ तीन वर्षे तेथे राहिली.

फिलाडेल्फिया हे नगर त्या देशाच्या राज्यव्यवस्थेचे जन्मस्थान होय. तेथेच १७७६ साली अमेरिकेतील तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाची सत्ता झुगारल्याचा जाहीरनामा काढला, आणि तेथेच १७८७ साली त्यांच्या पुढाऱ्यांनी बसून राज्यघटना लिहिली. घटना म्हणजे राज्य चालविणाऱ्यांस लोकांनी घालून दिलेली लेखी मर्यादा. आपल्याकडे राजाची मर्जी हाच कायदा असे. तेथे कायदा आधी आणि अधिकारी नंतर. शेतकरी वाटेकऱ्याशी आधी कागद करतो व मग जमीन हाती देतो, तसेच हे आहे.

ह्या घटनेने सत्तेचे तीन वाटे केले आहेत. कायदे करणारी सभा एक. तिला तेथे काँग्रेस म्हणतात व तिची दोन गृहे आहेत. एका गृहात प्रत्येक संस्थानाचे, ते लहान असो वा मोठे, दोनच सभासद; दुसऱ्यात लोकसंख्येच्या मानाने. म्हणजे मोठ्याने लहानास गिळू नये, आणि लहानानेही पुष्कळांस अडवून धरू नये. दुसरा वाटा कायदे अमलात आणणाऱ्या अध्यक्षाचा. तो चार वर्षांकरिता निवडलेला असतो. सभेने केलेला कायदा त्याला परत पाठविता येतो, परंतु दोन्ही गृहांतील दोन तृतीयांश सभासदांनी तोच पुन्हा मंजूर केला तर अध्यक्षाचा इलाज चालत नाही. तिसरा वाटा न्यायाधीशांचा. कायदाच घटनेच्या विरुद्ध असेल तर तो रद्द ठरविण्याचा अधिकार त्यांस आहे. माणूस कितीही सज्जन असला तरी सगळी सत्ता त्याच्या एकट्याच्या हाती देऊ नये, हे ह्या मांडणीचे मर्म आहे. मनुष्य पापी आहे असे मानणाऱ्या आपणांस ते समजावयास कठीण जाऊ नये.

१७९१ साली घटनेला दहा दुरुस्त्या जोडण्यात आल्या. त्यांतील पहिलीने असे ठरविले की, सरकारने कोणताही धर्म राजधर्म करू नये व कोणासही आपला धर्म पाळण्यास अडथळा करू नये. तसेच बोलणे, छापणे, शांतपणे एकत्र जमणे व गाऱ्हाणे मांडणे ह्यांवर बंदी घालू नये. ही गोष्ट रमाबाईंच्या अनुभवाशी किती जुळणारी होती हे सांगावयास नको. एका धर्मातील लोक त्यांच्या विद्येस पाप म्हणत होते, व दुसऱ्यातील वडीलधारे त्यांच्या शिकविण्यास आडकाठी करीत होते.

बाईंनी आपल्या ग्रंथात एक संपूर्ण प्रकरण राज्यव्यवस्थेस दिले. शिवाय विद्या, धर्मपंथ व परोपकार, स्त्रियांची स्थिति आणि व्यापारउदीम ह्यांवरही प्रकरणे लिहिली. त्या काळी मुंबई शहरात म्युनिसिपालिटीचे सभासद निवडण्याचा हक्क कर भरणाऱ्या थोड्या लोकांस होता. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ही तर ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातील खेडी होती, आणि तेथील कोळ्याला वा शेतकऱ्याला राज्यकारभारात विचारणारे कोणीही नव्हते. अशा वाचकांपुढे, लोक हेच धनी आणि अधिकारी हे त्यांचे चाकर, ही कल्पना मराठीत ठेवणे हे लहान काम नव्हते.

परंतु बाई आंधळ्या भक्त नव्हत्या. मूळच्या रहिवाशांच्या जमिनी कशा हिरावून घेतल्या गेल्या हे त्यांनी लिहिले. सर्व माणसे समान आहेत असा जाहीरनामा काढणाऱ्या देशाने काळ्या लोकांस गुलाम करून ठेवले, आणि १८६५ साली घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी मोडल्यावरही रंगाचा तिरस्कार मनातून गेला नाही, हा दोष त्यांनी झाकला नाही. जातिभेदाचे चटके सोसलेल्या बाईंस तो ओळखू आला. स्त्रियांविषयीही तसेच. १८८६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीचा प्रचंड पुतळा उघडण्यात आला. मूर्ति स्त्रीची, पण देशातील बहुतेक स्त्रियांस मत देण्याचा हक्क नाही, अशी ती विपरीत स्थिति होती. सगळ्या देशात तो हक्क मिळण्यास १९२० साल उजाडावे लागले. उत्तम घटना कागदावर असली तरी ती जागे राहणाऱ्या लोकांवाचून चालत नाही, हा धडा बाईंनी तेथील स्त्रियांच्या सभांत घेतला.

त्यांना विशेष आवडले ते लोकांचे मंडळ्या करून काम करणे. चार माणसे जमतात, नियम लिहितात, अध्यक्ष व खजिनदार निवडतात, वर्गणी गोळा करतात आणि वर्षाअखेर हिशेब वाचून दाखवितात. अशीच एक मंडळी १३ डिसेंबर १८८७ रोजी बॉस्टन येथे रमाबाईंच्या कामासाठी उभी राहिली. तीत निरनिराळ्या पंथांचे लोक होते. उच्च जातीच्या हिंदु विधवांसाठी शाळा काढावी, तिला दहा वर्षे पैसे पुरवावे, आणि शाळेत कोणत्याही धर्माची सक्ती करू नये, असे ठरले.

१८८९ च्या फेब्रुवारीत बाई जपानमार्गे मुंबईस परतल्या, आणि ११ मार्च रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या त्या समारंभास बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. तीच पुढे धोंडो केशव कर्वे ह्यांची पत्नी आनंदीबाई झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईस राष्ट्रीय सभेची बैठक भरली, तेव्हा स्त्री-प्रतिनिधींत रमाबाई होत्या.

१८९० साली सदन पुण्यास नेण्यात आले, आणि तेथे खरी परीक्षा झाली. बाईंचा नियम असा होता की, प्रत्येक मुलीने आपल्या जातीचे खाणेपिणे व देवपूजा खुशाल पाळावी. कोणीही तिला अडवू नये. त्या स्वतः आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, परंतु दार लावून घेत नसत. काही विद्यार्थिनी आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. बाईंनी त्यांस बोलाविले नाही, आणि हाकलूनही दिले नाही. शहरात मोठे वादळ उठले. वर्तमानपत्रांनी कडक टीका केली. १८९३ साली रानडे, भांडारकर आदि सल्लागार सभासदांनी आपले अंग काढून घेतले, आणि पुष्कळ पालकांनी मुली घरी नेल्या. सल्लागारांची बाजूही अगदी पोकळ नव्हती. पालकांनी ज्या भरवशावर मुली पाठविल्या तो भरवसा राहिला पाहिजे, असे त्यांस वाटत होते. उलट पक्षी, बाई उघड उपदेश करीत नाहीत म्हणून मिशनच्या काही लोकांचीही नाराजी होती.

दोन्हीकडून दडपण आले असता त्यांनी काय करावे? दार बंद करून सर्वांची मर्जी राखता आली असती. अथवा शिकविण्याचे मोल म्हणून मुलींकडून धर्म मागता आला असता. त्यांनी दोन्ही नाकारले. जी मोकळीक मुलींस दिली तीच आपल्यासही हवी, व जी आपल्यास हवी ती मुलींस नाकारता येत नाही, हे त्यांचे धोरण होते. त्यासाठी त्यांस मित्र, मान व निम्मे काम गमवावे लागले. फिलाडेल्फियातील लिखित तत्त्व ते हेच; परंतु कागदावर लिहिण्यापेक्षा घराच्या उंबरठ्यावर पाळताना ते फार महाग पडले. पुढे केडगावास मुक्तिसदन उभे राहिले, तेव्हा ते ख्रिस्ती संस्था म्हणून उघडपणे चालविले, म्हणजे कोणाची फसगत होऊ नये.

राज्यकर्त्यांपुढेही बाई दबल्या नाहीत. १८९७ साली पुण्यात प्लेगचा बंदोबस्त चालू असता रुग्णालयात व छावणीत स्त्रियांस मिळणाऱ्या वागणुकीविषयी त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वर्तमानपत्रात पत्र लिहिले. तो प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. मुंबईच्या गव्हर्नरांनी आरोप नाकारले. परंतु राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्यांचा दोष दडवावा, असे बाईंस वाटले नाही.

१९२१ साली मुंबई इलाख्यात स्त्रियांस कायदे कौन्सिलाच्या निवडणुकीत मताचा हक्क मिळाला, पण मिळकतीची अट घालून. त्याच वर्षी मनोरमाबाई वारल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंनीही देह ठेवला. २६ जानेवारी १९५० पासून आपल्या देशाची स्वतःची राज्यघटना अमलात आली. तिने प्रौढ स्त्रीपुरुषांस, जात, धर्म वा मिळकत न पाहता, मत दिले, आणि तिच्या २५ व्या अनुच्छेदाने आपल्या सद्सद्विवेकबुद्धीप्रमाणे धर्म मानण्याचे स्वातंत्र्य दिले.

वाचकहो, हे हक्क आज आपणांस जन्माबरोबर मिळतात, म्हणून त्यांचे मोल चटकन ध्यानात येत नाही. ग्रामपंचायतीचे मत एका जेवणावर विकले जाते. मंडळीच्या वार्षिक सभेत हिशेब वाचला जात असता आपण घरी जावयास उठतो. एखादा भाऊ निराळे मत बोलला की त्याला गप्प बसवितो. अशा वेळी त्या पुण्यातील उघड्या दाराची आठवण करावी. बाईंनी ते आपल्यासाठी उघडे ठेवले होते, आणि जी आत येणार नाही तिच्यासाठीही.