मधमाशी फिरकलीच नाही तर? डार्विन यांनी मोजून दिलेले उत्तर

कारंजा (घाडगे) पट्ट्यात संत्र्याचा आंबिया बहार फुलला की मधमाश्या येतात. त्यांच्या अंगाला चिकटून एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर पोहोचतात. यालाच परपरागीभवन म्हणतात. त्याचा फायदा किती, हे मोजून दाखवले चार्ल्स डार्विन यांनी.

१८०९ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेले डार्विन उत्क्रांतीच्या सिद्धांतामुळे जगाला माहीत आहेत. त्यांनी लाल क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाचे १०० गेंद उघडे ठेवले. २,७०० बिया मिळाल्या. तेवढेच गेंद कीटकांपासून झाकले. एकही बी धरले नाही.

हा प्रश्न त्यांच्या घरातलाही होता. पत्नी एमा त्यांची मामेबहीण. दहापैकी तीन मुले लहानपणीच दगावली. नात्यातल्या लग्नाचा हा परिणाम तर नाही ना, ही चिंता त्यांना सतावत होती.

पुढे ११ वर्षे त्यांनी प्रयोग केले. काही फुलांना त्याच झाडाचे पराग दिले, काहींना दुसऱ्या झाडाचे. दोन्हींची रोपे एकाच कुंडीत समोरासमोर वाढवली. १८७६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दुसऱ्या झाडाच्या परागांपासून झालेली रोपे बहुतेकदा उंच, जोमदार आणि जास्त बी देणारी निघाली. १८८२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज ब्लूबेरीच्या बागेत याच कारणाने दोन वाण शेजारी लावतात. फळ मोठे होते. संत्र्याला स्वतःचे पराग चालतात. पण भोपळा, काकडी, कलिंगड यांची भिस्त मधमाशीवरच. म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशकाची फवारणी टाळा. करावीच लागली तर सायंकाळी, मधमाश्या परतल्यावर करा.