परमुलखात आनंदीबाई



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी प्रत्येकाला एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले. मुलांनी शिवाजी महाराज, टिळक, महात्मा फुले अशी नावे पटापट घेतली. माझा नंबर येईपर्यंत माझ्या मनातली सगळी नावे संपली होती. मग बाईंनीच कपाटातून एक पुस्तक काढून दिले. ते होते डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. ते वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की ही गोष्ट थोडीशी आपलीपण आहे. का ते शेवटी सांगते.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. त्या काळी मुलींची लग्ने फार लहानपणी होत. यमुनेचे लग्न नवव्या वर्षी झाले. नवरा गोपाळराव जोशी. ते पोस्टात नोकरीला होते आणि वयाने तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. त्यांनी तिचे नाव आनंदी ठेवले.

गोपाळरावांना एकच ध्यास होता. बायको शिकली पाहिजे! ते स्वतः तिला शिकवत. त्यांचा स्वभाव फार तापट होता. अभ्यास झाला नाही तर आनंदीला मारसुद्धा बसे. हे वाचून मला त्यांचा राग आला. पण बाई म्हणाल्या, चरित्र लिहिताना चांगले तेवढेच लिहायचे नसते, खरे असेल ते लिहायचे. म्हणून लिहिले.

गोपाळरावांच्या बदल्या होत असत. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असे करत हे जोडपे फिरत राहिले. नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणारी आणि पुस्तके वाचणारी बाई लोकांनी पाहिली नव्हती. लोक थांबून बघत, हसत, वाटेल ते बोलत. म्हणजे बघा, परदेश तर लांबच राहिला, आनंदीबाई आपल्याच देशात परक्यासारख्या झाल्या होत्या.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो फक्त दहा दिवस जगला. त्याला योग्य औषधोपचार मिळाला नाही. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरांपुढे जायला लाजत आणि बाई डॉक्टर तर आपल्याकडच्या बायकांत कुणीच नव्हती. हे दुःख आनंदीबाईंच्या मनात घर करून राहिले. आपण स्वतः डॉक्टर व्हायचे, असे त्यांनी ठरवले.

गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या एका पाद्र्याला पत्र पाठवले होते. धर्म बदला, मग मदत करू, अशा अर्थाचे उत्तर आले. ते काही दोघांना पटले नाही. पण ती पत्रे तिकडच्या एका मासिकात छापून आली. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या. तिथे पडलेले मासिक त्यांनी सहज चाळले आणि ती पत्रे वाचली. दूर हिंदुस्थानात एका मुलीला शिकायचे आहे, हे वाचून त्यांना राहवले नाही. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. १८८० सालापासून दोघींची पत्रे सुरू झाली. आमच्याकडे असे करतात, तुमच्याकडे कसे करतात, असे त्या एकमेकींना विचारत. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. अजून एकमेकींचे तोंडही पाहिले नव्हते बरं का!

त्या काळी समुद्र ओलांडणे हे पाप समजत. जो जाईल त्याला जातीबाहेर टाकत. मग बाईने एकटीने जायचे म्हणजे केवढा गहजब! तेव्हा जोशी पतिपत्नी बंगालमधल्या श्रीरामपूरला होती. (हे आपल्याकडचे श्रीरामपूर नव्हे.) तिथल्या कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. आपण अमेरिकेला का जातो, आपल्या देशात बाई डॉक्टरांची किती गरज आहे, हे त्यांनी लोकांना समजावून सांगितले. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्द त्यांनी दिला. भाषणानंतर काही लोक मदतही करू लागले.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून आगबोटीत बसल्या. नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली होती. गोपाळराव बरोबर नव्हते. ओळखीच्या मिशनरी बायकांची सोबत होती. त्या पक्क्या शाकाहारी, त्यामुळे बोटीवर जेवणाचे फार हाल झाले. जवळजवळ दोन महिने प्रवास करून ४ जून रोजी बोट न्यूयॉर्कला लागली. कार्पेंटर मावशी उतरवून घ्यायला आल्या होत्या.

आता परमुलखातल्या गोष्टी ऐका. आपल्या घरी त्या काळी पुरुषांची पंगत आधी बसे, बायका मागून जेवत. तिथे बायका-पुरुष एकाच टेबलाला खुर्च्या लावून जेवत. आपण उजव्या हाताने जेवतो, तिथे काटे-चमचे. आपण चपला दाराबाहेर काढतो, तिथे बूट घालून घरात वावरतात. आपल्याकडे नवऱ्याबरोबर रस्त्याने चालले म्हणून लोक हसले होते, तिथे बायका खुशाल एकट्या फिरत आणि कुणी वळूनही बघत नसे. पण आनंदीबाईंच्या साडीकडे, कपाळावरच्या कुंकवाकडे आणि हातातल्या बांगड्यांकडे मात्र लोक टकमका बघत. कल्याणला ज्याच्याकडे कुणाचे लक्षही गेले नसते, तेच तिथे नवलाचे झाले!

मला हे फार गमतीचे वाटले. माणूस तेच, कुंकू तेच, फक्त गाव बदलले.

आनंदीबाई या बघण्याला घाबरल्या नाहीत. रोझेलला असताना त्यांनी कार्पेंटर मावशींच्या ओळखीच्या लोकांना आपल्या पद्धतीचे जेवण दिले. गोऱ्या बायकांना आपल्या साड्या नेसवल्या आणि सगळ्यांना जमिनीवर बसवून हाताने जेवायला लावले. त्या दिवशी कोण अवघडले असेल? ज्यांना जन्मात कधी मांडी घालून जेवायची सवय नाही, ते! इतके दिवस आनंदीबाई काटा-चमचा कसा धरायचा हे बघत होत्या, आता घास कसा घ्यायचा हे बाकीचे त्यांच्याकडे बघून शिकले. मला तर वाटते, त्या घरात आनंदीबाई खऱ्या अर्थाने पाहुणीची घरची झाल्या त्या याच दिवशी. नुसते आपण दुसऱ्याचे शिकलो तर आपण पाहुणेच राहतो. दुसऱ्यानेही आपले थोडे शिकले, की मग घर होते.

उन्हाळा संपला आणि त्या फिलाडेल्फिया शहरातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाल्या. हे कॉलेज १८५० साली निघालेले. बायकांना डॉक्टर करणारी अशी कॉलेजे जगात तेव्हा मोजकीच होती. तिथल्या प्रमुख रेचल बॉडली नावाच्या बाई होत्या. त्यांनी आनंदीबाईंना शिष्यवृत्ती मिळवून दिली.

इथे खरी परीक्षा सुरू झाली. मावशीचे घर सुटले, एकटीने राहायचे आले. हिवाळ्यात तिकडे बर्फ पडते. आपले नऊवारी लुगडे म्हणजे पोटऱ्या उघड्या. त्या थंडीत ते कसे चालणार? शिवाय तिकडे बाईचे पाय दिसणे फार वाईट समजत. तेव्हा काय करायचे? आपला पोशाख टाकून घोळदार झगा घालायचा, की थंडीत कुडकुडायचे? आनंदीबाईंनी मधला मार्ग काढला. त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. त्याने पाय घोट्यापर्यंत झाकले जात आणि साडीही सुटली नाही. किती साधी युक्ती आहे! पण ही युक्ती सुचायला काय सोडायचे आणि काय धरायचे हे आधी मनाशी ठरलेले असावे लागते.

जेवणाच्या बाबतीत मात्र त्यांनी तडजोड केली नाही. मांस खायचे नाही म्हणजे नाही. तिकडे आपल्यासारखी भाजी-भाकरी, वरण-भात कुठून मिळणार? खाण्याची आबाळ होऊ लागली. खोलीतली शेकोटीची जागा नीट काम देत नसे. पेटवली की खोलीभर धूर, आणि न पेटवावी तर हाडे गोठवणारी थंडी. तब्येत हिंदुस्थानात असतानाच नाजूक होती. डोके दुखणे, ताप, अशक्तपणा हे मागे लागलेले होतेच. आता ते वाढत चालले. तरी अभ्यास सोडला नाही.

त्या कॉलेजातला एक फोटो आमच्या पुस्तकात आहे. तो १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेला आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत. एक आपल्या आनंदीबाई, दुसरी जपानची केई ओकामी आणि तिसरी सीरियाची सबात इस्लांबूली. तिघी तीन देशांच्या, आणि तिघींनी आपापल्या देशाचा पोशाख घातला आहे. हा फोटो मी कितीतरी वेळ बघत बसले. तिघींनी एकमेकींना आपापल्या घरच्या गोष्टी सांगितल्या असतील का, असे मनात आले.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. तेव्हा त्यांना एकविसावे वर्ष चालू होते. त्यांनी आपला प्रबंध बाळंतपणाच्या शास्त्रावरच लिहिला होता. आपल्याकडे त्याविषयी पूर्वीपासून काय समजुती आणि रीती होत्या, हे त्यात त्यांनी मांडले. आपले दहा दिवसांचे बाळ त्या विसरल्या नव्हत्या, हेच यावरून दिसते. पदवीच्या समारंभाला गोपाळराव हजर होते आणि पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या.

कोल्हापूर संस्थानने आनंदीबाईंना आपल्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमले. १८८६ साल संपता संपता त्या मायदेशी परतल्या. पण क्षयाने शरीर पोखरले होते. ज्या कामासाठी एवढे सोसले, ते काम त्यांच्या हातून व्हायचे राहून गेले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी या गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या आहेत. तिथल्या दगडावर आनंदीबाईंचे नाव आहे. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही त्यांचे नाव दिलेले आहे. पण मला त्या विवरापेक्षा तो दगड मोठा वाटतो. परक्या मुलखातल्या एका घराने आपल्या माणसांच्या शेजारी त्यांना कायमची जागा दिली.

आता माझे सांगते. दोन वर्षांपूर्वी वडिलांची बदली झाली म्हणून आम्ही कोकणातून इकडे देशावर आलो. देश तोच, राज्य तेच, भाषासुद्धा मराठीच. तरी पहिल्या दिवशी मी वर्गात मला ऐवजी माका म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. पुढे कित्येक दिवस माझे नावच माका पडले. डब्यात मी भात आणि सुकट आणायची, तर मुली नाक धरायच्या. मी घरी जाऊन रडायची. मग हळूहळू मी तुमच्यासारखं बोलायला लागले. बाजरीची भाकरी आवडायला लागली. शेजारच्या काकूंनी आईला भाकरी थापायला शिकवली आणि आईने त्यांना सोलकढी करून दाखवली. तेव्हापासून हे गाव मला आपले वाटायला लागले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला आलेल्या एका कुटुंबातली मुलगी आपल्या वर्गात आली. ती आपल्यापेक्षा वेगळे बोलते. पहिल्याच दिवशी ती काहीतरी बोलली आणि वर्ग हसला. खोटं कशाला लिहू, त्यात मीही हसले. जिला माका म्हणून चिडवले होते, तीच मी! पुस्तक वाचताना हे आठवले आणि माझी मलाच लाज वाटली. आनंदीबाईंना सातासमुद्रापलीकडे एक मावशी भेटली. या मुलीला आपल्या एवढ्याशा गावात कुणी भेटू नये का?

म्हणून उद्यापासून मी माझे बसकर तिच्या शेजारी टाकणार आहे. तिच्या आईवडिलांचा मुक्काम साखर कारखान्याचा हंगाम संपेपर्यंतच आहे, म्हणजे दिवस थोडे आहेत. पालकांनाही माझी एक विनंती आहे. घरी गेल्यावर आपल्या मुलांना विचारा, वर्गात नवीन कोण आले आहे आणि ते डब्यात काय आणते.

इयत्ता सातवी