लोकशाहीर अमर शेख

येडशीच्या बाजूने बालाघाटाचा डोंगर उतरून पश्चिमेस गेले, की धाराशिव जिल्ह्याची सीमा संपते आणि बार्शीचा मुलूख लागतो. बार्शी हे भगवंताच्या मंदिराचे व मोठ्या बाजारपेठेचे गाव. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धाराशिव निजामाच्या राज्यात होते आणि बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. दोन्हीकडे भाषा एकच, जात्यावरची ओवी एकच. राज्ये मात्र दोन. अशा या सीमेवरच्या गावी २० ऑक्टोबर १९१६ रोजी एका गरीब मुसलमान कुटुंबात एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव मेहबूब हुसेन पटेल. हाच मुलगा पुढे शाहीर अमर शेख या नावाने साऱ्या महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला.

मेहबूबच्या आईचे नाव मुनेरबी. त्या माउलीच्या ओठी मराठी लोकगीतांचे भांडार होते. घरात धनदौलत नव्हती. परंतु आईच्या मुखातून कानी पडणारी गाणी हेच मुलाचे खरे धन ठरले. शब्दाला लय कशी द्यावी आणि साध्या बोलांनी ऐकणाऱ्याचे काळीज कसे हलवावे, याचे पहिले धडे त्याला आईपाशीच मिळाले.

गरिबीमुळे पोटासाठी लहान वयातच कष्ट करणे भाग पडले. मोटारीवर क्लीनर म्हणून आणि पुढे बार्शीच्या कापड गिरणीत कामगार म्हणून त्यांनी काम केले. श्रमिकांची दैन्यावस्था त्यांनी पुस्तकात वाचली नाही, ती स्वतः भोगली. कामगारांच्या संपात पुढाकार घेतल्याबद्दल त्यांना कारावास घडला. विसापूरच्या तुरुंगात देशभक्तांचा व कामगार कार्यकर्त्यांचा सहवास लाभला आणि त्यांच्या विचारांना दिशा मिळाली. आपला कंठ कोणाच्या कामी लावावयाचा, याचा निश्चय येथेच झाला असे म्हणावयास हरकत नाही.

तुरुंगातून सुटल्यावर काही काळ ते कोल्हापुरास मास्टर विनायक यांच्या चित्रपटसंस्थेत होते. रूप आणि आवाज या दोहोंच्या बळावर त्यांना चित्रसृष्टीत सुखाने नाव मिळवता आले असते. पुढे ‘महात्मा फुले’ आणि ‘प्रपंच’ या चित्रपटांत त्यांनी भूमिकाही केल्या. परंतु त्यांचे मन रमले ते उघड्या मैदानात, हजारो श्रोत्यांपुढे. १९४४ साली शाहीर अण्णा भाऊ साठे व शाहीर गवाणकर यांच्यासह त्यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक उभारले. गिरणगावातील चाळींपासून खेडोपाडीच्या पारापर्यंत या पथकाचा डफ घुमू लागला.

महाराष्ट्रात शाहिरीची परंपरा जुनी आहे. अफजलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा शिवकालापासून प्रसिद्ध आहे. पूर्वीचे शाहीर राजांचे व सरदारांचे पराक्रम गात. अमर शेखांच्या पिढीने त्या पोवाड्यात शेतात राबणाऱ्या कुणब्याला आणि गिरणीत झिजणाऱ्या मजुराला मानाचे स्थान दिले. चाल जुनीच, डफ-तुणतुणे जुनेच. परंतु नायक नवा! अमर शेखांचा आवाज पहाडी होता. त्यांनी डफावर थाप मारून पहिली तान घेतली, की गलबल करणारा जनसमुदाय क्षणात शांत होई.

त्यांच्या वाणीची खरी कसोटी लागली ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. मराठी बोलणाऱ्या सर्व प्रदेशांचे, मुंबईसह, एक राज्य व्हावे ही जनतेची मागणी होती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. त्या दिवसांत अमर शेख गावोगाव हिंडून गात होते. मुंबईच्या व सीमाभागाच्या विरहावर अण्णा भाऊंनी रचलेली छक्कड त्यांच्या कंठातून ऐकताना श्रोत्यांचे डोळे पाणावत. नेत्यांच्या भाषणाने विचार पटे. शाहिराच्या गाण्याने तोच विचार निरक्षर माणसाच्याही हृदयात घर करी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी धाराशिवसह सारा मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि बार्शी व धाराशिव यांच्यामधील राज्याची जुनी रेघ पुसली गेली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. बेळगाव, निपाणी, कारवार हे भाग मात्र बाहेरच राहिले, याचे शल्य उरले.

गोवा मुक्तीच्या लढ्यासाठीही अमर शेखांनी आपली वाणी झिजवली. १९६२ साली चीनने आक्रमण केले, तेव्हा हिमालयाच्या रक्षणाची हाक त्यांनी गीतांतून दिली. ते केवळ गायक नव्हते, कवीही होते. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे त्यांचे नाटक. ‘युगदीप’ या मासिकाचे संपादनही त्यांनी केले.

१९६९ सालचा पावसाळा महाराष्ट्रास दुःखाचा गेला. १३ जूनला आचार्य अत्रे गेले, १८ जुलैला अण्णा भाऊ गेले आणि २९ ऑगस्टला एका अपघातात अमर शेखांचा अंत झाला. त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचेही नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील तीन बुलंद आवाज अडीच-तीन महिन्यांत मालवले.

अमर शेखांनी मागे इस्टेट ठेवली नाही. ज्यांच्यात ते वाढले, त्या कष्टकऱ्यांचे सुखदुःख ते अखेरपर्यंत गात राहिले. भाषा ही कोणत्याही एका जातीची किंवा धर्माची मिरासदारी नसते; जो तिच्यावर जीव लावतो आणि तिच्यासाठी झिजतो, त्याची ती होते. मुनेरबीच्या लेकाने मराठीवर असाच जीव लावला, म्हणूनच महाराष्ट्राने त्यांना लोकशाहीर म्हणून आपल्या हृदयात स्थान दिले.