चार पेन्सिल सेलचा खेळ

चाळिशी ओलांडलेली बरीच मंडळी हल्ली तळहातात मावणारे गेमयंत्र विकत घेताना दिसतात. ऑनलाइन काही हजारांत मिळते. मेमरी कार्ड घालायचे, एम्युलेटर नावाचा प्रोग्राम बसवायचा आणि ज्या खेळांपायी शाळेत असताना मार खाल्ला तेच पुन्हा खेळायचे. ओपीडीत अंगठा धरून येणाऱ्यांत यातलेही काही जण असतात. त्या यंत्राची यादी उघडली की हमखास दिसणारे एक नाव म्हणजे गेम बॉय. तो घडवणारे जपानी इंजिनिअर गुनपेई योकोई १९९७ साली गेले. कसे गेले, ते पुढे येईलच. माझ्यासारख्या उपनगरातल्या डॉक्टरला त्यांच्या खेळांइतकेच तेही महत्त्वाचे वाटते.

योकोई १९४१ साली क्योटोत जन्मले. दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले, पण मोठ्या कंपन्यांत डाळ शिजली नाही. १९६५ साली ते गावातल्याच निन्टेंडोत लागले. तेव्हा ही कंपनी हानाफुदा नावाचे जपानी पत्ते छापायची आणि योकोईंचे काम त्या मशिनींची देखभाल. रिकाम्या वेळात त्यांनी कात्रीसारखा उलगडत लांब जाणारा एक हात बनवला. मालक हिरोशी यामाउची यांच्या तो नजरेस पडला. ओरडा बसण्याऐवजी तो विक्रीला काढायचा हुकूम आला. १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ बाजारात आला आणि दहा लाखांहून जास्त खपला.

१९६९ सालचा त्यांचा ‘लव्ह टेस्टर’ मला विशेष आवडतो. मुलाने आणि मुलीने एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातात यंत्राची एकेक मूठ घ्यायची आणि काटा किती सरकतो ते पाहायचे. प्रेमाबिमाशी त्याचा संबंध नाही. मन गडबडले की तळहाताला घाम येतो, घामाने त्वचेचा विद्युतरोध कमी होतो आणि काटा पुढे जातो. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत हेच मोजतात. योकोईंनी ते खेळण्याच्या भावात विकले. पुढे त्यांनी रेडिओवर चालणारी एक मोटार काढली, ती फक्त डावीकडे वळायची. उजवीकडची यंत्रणा गाळली म्हणून किंमत उतरली. गोल मैदानावर पोरांचे काही अडले नाही.

त्यांची रीत हीच होती. नवे, महागडे तंत्र धरायचे नाही. जुने होऊन स्वस्त झालेले, सगळ्या खोडी माहीत असलेले तंत्र घ्यायचे आणि त्याचा कोणाला न सुचलेला उपयोग करायचा. सरकारी रुग्णालयात आयुष्य काढलेल्या माणसाला हे लगेच पटते.

एकदा बुलेट ट्रेनमध्ये त्यांना एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला दिसला. बोरिवली लोकलमध्ये असे शंभर दिसतील. त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ निघाला. कॅल्क्युलेटरच्या किमती कोसळल्यामुळे त्यांचे पडदे आणि चिप मातीमोल झाल्या होत्या, त्याच त्यांनी वापरल्या. १९८२ साली त्यातल्या ‘डाँकी काँग’ला दांड्याऐवजी अधिकच्या चिन्हासारखे चपटे बटण बसवले. आजही बहुतेक गेमयंत्रांवर डाव्या अंगठ्याखाली तेच असते.

अंगठ्यावरून आठवले. १९९० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सलग पाच तास निन्टेंडो खेळून अंगठ्याची शीर धरलेल्या एका बाईंची नोंद आली होती. दुखण्याला निन्टेंडोचेच नाव दिले गेले. उपाय साधा आहे : अर्ध्या तासाने हात सोडायचा, अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर खेळ काही दिवस बंद. तरी दुखणे राहिले, तर दाखवून घ्यावे.

१९८९ च्या एप्रिलमध्ये गेम बॉय आला. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, हिरवट, चारच छटांचा. प्रतिस्पर्ध्यांचे पडदे रंगीत होते, पण ते सहा सेल काही तासांत गिळायचे. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर दहा तासांच्या वर सहज चालायचा. मुलांनी सेल पाहून निवड केली. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून जास्त खपले.

हाच साधेपणा आज एम्युलेटरच्या पथ्यावर पडतो. एम्युलेटर म्हणजे जुन्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम. खेळाला तो गेम बॉयमध्येच आहे असे वाटत राहते. मूळ प्रोसेसर जेमतेम चार मेगाहर्ट्झचा, त्यामुळे स्वस्तातल्या चिपलाही ही नक्कल जड जात नाही. बसवताना एवढे पाहा : चित्र पूर्ण पटीतच मोठे करायचा पर्याय निवडा. ६४० बाय ४८० च्या पडद्यावर तिप्पट, म्हणजे ४८० बाय ४३२ बसते. कडेला काळी पट्टी उरते, पण ताणलेल्या चित्रात ठिपके लहानमोठे होतात. खेळांच्या फायलींवर मात्र मूळ कंपन्यांचा हक्क अजून आहे, कुठूनही उतरवून घेणे कायद्यात बसत नाही.

१९९५ चा ‘व्हर्च्युअल बॉय’ आपटला. डोळ्यांना लावून पाहायचे लाल रंगाचे त्रिमित चित्र. अशा चित्रात नजरेचा फोकस एका अंतरावर आणि बुबुळांचा मेळ दुसऱ्या अंतरावर, म्हणून डोके दुखते. खेळणाऱ्यांनी तक्रारी केल्या, वर्षभरात यंत्र गुंडाळले गेले. १९९६ साली योकोईंनी निन्टेंडो सोडली आणि कोतो ही स्वतःची कंपनी काढली.

४ ऑक्टोबर १९९७. इशिकावा प्रांतातल्या द्रुतगती मार्गावर त्यांची मोटार पुढच्या ट्रकवर आदळली. किती लागले ते पाहायला ते खाली उतरले आणि मागून येणाऱ्या गाडीने त्यांना उडवले. वय ५६.

पहिल्या धडकेत वाचलेला माणूस दुसऱ्या धडकेत जातो, हे पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्गांजवळ काम करणाऱ्या डॉक्टरांना नवे नाही. बंपरचा पोचा पाहायला, भांडायला, फोटो काढायला लोक भर रस्त्यात उभे राहतात. गाडी हलत असेल तर डाव्या कडेला घ्या, चारही दिवे लुकलुकते ठेवा. हलत नसेल तर मागची वाहतूक पाहून रस्त्याच्या कडेच्या दाराने उतरा, कठड्यापलीकडे जा आणि तिथून ११२ किंवा १०८ लावा. पोचा कुठे पळून जात नाही.

योकोईंनी हात लावलेले शेवटचे यंत्र, ‘वंडरस्वान’, १९९९ साली बांदाई कंपनीने काढले. त्याला एकच पेन्सिल सेल लागतो. त्यावरच्या एका कोड्याच्या खेळाला त्यांच्या आठवणीत ‘गनपे’ नाव दिले आहे. एम्युलेटरवर तो लावलात तर चित्र नव्वद अंशांत फिरवायचे सेटिंग शोधा, कारण हा खेळ यंत्र उभे धरून खेळायचा आहे.