हर्था एअर्टन: डिजिटल टिग मशीनच्या आधी आर्कचं गणित मांडणाऱ्या इंजिनिअर

टिग वेल्डिंग करताना हात कितीही सरावाचा असला तरी टॉर्च थोडी हलतेच. टॉर्च हलली की आर्कची लांबी बदलते. तरीही डिजिटल मशीनवर सेट केलेला ४० अँपिअरचा करंट जवळपास तिथेच राहतो. हे कसं जमतं ते समजून घ्यायला सव्वाशे वर्षं मागे, लंडनला जावं लागेल.

हर्था एअर्टन यांचा जन्म १८५४ मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्सी इथला. वडील घड्याळजी, ते गेले तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. आई शिवणकाम करून घर चालवायची. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्या गणित शिकल्या, परीक्षा दिली, पण तेव्हा केंब्रिज मुलींना डिग्रीच देत नव्हतं. पुढे संध्याकाळच्या वर्गात वीज शिकवणारे प्राध्यापक विल्यम एअर्टन यांच्याशी १८८५ मध्ये त्यांचं लग्न झालं.

तेव्हा रस्त्यांवर कार्बन आर्कचे दिवे असायचे. ते लुकलुकायचे, फिसफिसायचे. विल्यमनी आर्कवर प्रयोग सुरू केले होते. १८९३ मध्ये ते शिकागोला गेले आणि हर्था यांनी काम हातात घेतलं. आर्कची लांबी, करंट आणि व्होल्टेज यांचं नातं त्यांनी एका समीकरणात बसवलं. त्यातली खरी गोम अशी: साध्या वायरमध्ये करंट वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आर्कमध्ये मात्र करंट वाढला की व्होल्टेज उतरतं. म्हणजे नुसतं ठरावीक व्होल्टेज दिलं तर करंट एकतर सुसाट सुटतो, नाहीतर आर्क विझतो. करंटला कुणीतरी धरून ठेवावंच लागतं.

जुन्या टिग मशीनमध्ये हे काम लोखंड-तांब्याचा जड ट्रान्सफॉर्मर करायचा. आता सेन्सर करंट मोजतो, प्रोसेसर तो सेट केलेल्या आकड्याशी ताडून पाहतो आणि इन्व्हर्टरमधले स्विच किती वेळ चालू ठेवायचे ते ठरवतो, तेही सेकंदाला हजारो वेळा. आपल्या सॉफ्टवेअरच्या भाषेत फीडबॅक लूप! पातळ पत्र्यावर, १०-१५ अँपिअरला आर्क सगळ्यात चंचल असतो; फरक कळतो तो तिथे.

फिसफिसण्याचं कारणही हर्था यांनीच शोधलं: हवेतला ऑक्सिजन तापलेल्या कार्बनला थेट भिडतो. टिगमध्ये टंगस्टनभोवती आरगॉन सोडतात, तोही हवा दूर ठेवायलाच.

१८९९ मध्ये हा पेपर त्यांनी लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्समध्ये स्वतः वाचला, आणि त्याच वर्षी त्या तिथल्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. १९०२ मध्ये रॉयल सोसायटीसाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं. ते नाकारलं, कारण विवाहित स्त्री कायद्याने फेलो होऊच शकत नाही म्हणे! मला यात विज्ञानाचा एक मुद्दा सापडत नाही. त्याच सोसायटीने १९०६ मध्ये त्यांना ह्यूज पदक दिलं. १९२३ मध्ये त्या गेल्या. पहिल्या महिला फेलो निवडल्या गेल्या १९४५ मध्ये.