टेंभूचा संपादक

टेंभू म्हटलं की आमच्या सिव्हिलवाल्यांना कृष्णेचं पाणी उचलणारी उपसा सिंचन योजना आठवते. मी कराडकडचाच, पण मलाही तेवढंच माहीत होतं. त्याच टेंभूत १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर जन्मले, हे मला लायब्ररीत एक जुनं चरित्र चाळताना कळलं. खरं सांगतो, त्या रात्री मेसला जायचं राहूनच गेलं!

घरची प्रचंड गरिबी. शिक्षणासाठी कराड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण झाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना अंगावर एकच सदरा. रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा. (आणि आपण रविवारी बादलीभर कपडे बघून कंटाळतो!) तिथेच टिळकांशी गट्टी जमली. रात्र-रात्र चर्चा करून दोघांनी ठरवलं, सरकारी नोकरी करायची नाही. एम.ए. झालेल्या माणसाला तेव्हा मोठा पगार सहज मिळाला असता. आईही त्याच आशेवर होती. पण आपण पोटापुरत्या पैशावर समाधान मानणार, असं आगरकरांनी तिला पत्राने कळवून टाकलं.

जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' निघाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय म्हणून त्यांनी तिथल्या कारभाऱ्यांवर टीका छापली. पण ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट निघाली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली टिळक-आगरकर दोघेही डोंगरीच्या तुरुंगात गेले. तिथल्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकच लिहिलं.

सुटून आले तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं. खरी परीक्षा पुढेच होती. राजकीय हक्क मागायचे तर घरातला अन्यायही थांबवला पाहिजे, हे आगरकरांचं ठाम मत. टिळकांना ते पटेना. शेवटी १८८७ साली आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये स्वतःचा 'सुधारक' काढला. बालविवाह, विधवांचं केशवपन यांवर ते तुटून पडले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांचा विरोध, तर आगरकरांचा पाठिंबा. चिडलेल्या लोकांनी पुण्यात त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली! दमा तर पाठीशी होताच. तरी लेखणी थांबली नाही. १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी गेले. वयाची चाळिशीसुद्धा गाठली नाही. 'केसरी'त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच.

मला यातून एक गोष्ट कळली. सरकारविरुद्ध लिहिलं तर तुरुंग मिळतो, पण टाळ्याही मिळतात. आपल्याच माणसांविरुद्ध लिहिलं तर नुसतं एकटेपण मिळतं. आगरकरांनी दोन्ही केलं.

मागच्या वर्षी मी याच अंकासाठी ज्युनियर्सना होणाऱ्या त्रासावर लेख लिहिला होता. रूममेट्स काय म्हणतील, या भीतीने फाडून टाकला. ना तुरुंग होता, ना प्रेतयात्रा. फार तर चार दिवस कुणी चहाला बोलावलं नसतं, एवढंच!

तो लेख यंदा पुन्हा लिहायला घेतलाय.