डॉ. हाफकिन आणि प्लेगाची लस

हुबळीच्या गोकुळ रोडने विमानतळाकडे जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की १८९८ साली या शहरात प्लेगाने हाहाकार केला होता? त्या वर्षी तेथील हजारो रहिवाशांनी दंडावर सुई टोचून घेतली. ती लस होती डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची. अख्खे गाव लस घ्यायला तयार झाले, पण तेथवर हाफकिन एका उडीत पोहोचले नव्हते.

त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका यहुदी कुटुंबात झाला. पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली, ती १८९२ मध्ये प्रथम स्वतःला टोचली, व पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला तेव्हा सरकारने त्यांना तेथे बोलाविले. ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा तोकडी, मदतनीस थोडे. जंतू वाढविण्यासाठी त्यांनी बोकडाच्या मांसाचा रस घेतला, कारण गाईचे वा डुकराचे मांस येथील लोकांना चालले नसते. त्या रसावर तुपाचे थेंब सोडले, की जंतूंचे धागे खाली लोंबत वाढत. मग ते तापवून मारावयाचे. रोग्याची भावना इतकी जपणारा शास्त्रज्ञ विरळाच!

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला पुढे ठरलेल्या मात्रेहून कितीतरी मोठी मात्रा टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, पण ते कामावर राहिले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली, व न घेतलेल्यांशी त्यांची तुलना केली.

पुढील वर्षी बडोद्याजवळच्या उंधेरा गावी त्यांनी घराघरातली निम्मी माणसे टोचली व निम्मी तशीच ठेविली. घर तेच, अन्न तेच, हवा तीच. प्लेग शिरलेल्या २८ घरांत टोचलेले ७१ होते, त्यांपैकी ३ दगावले. न टोचलेले ६४, त्यांपैकी २६ गेले. निम्म्यांना लसीवाचून ठेवणे आज आपल्याला खटकते. पण लस खरोखर गुणकारी आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. हुबळीला लस गेली ती या आकड्यांनंतर, आणि तेथेही टोचलेल्यांचे व न टोचलेल्यांचे मृत्यू आठवड्यागणिक वेगवेगळे मोजले गेले.

मग मागणी फार वाढली. लस लवकर व्हावी म्हणून परळच्या प्रयोगशाळेत एक बदल झाला: तिच्यात कार्बॉलिक ॲसिड घालणे बंद करून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल येथे १०७ जणांना टोचले, व एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका त्या बदलावर व हाफकिनांवर आला. त्यांना पदावरून दूर केले गेले.

वास्तविक बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला. बाकीच्या बाटल्यांनी कोणाला धनुर्वात झाला नव्हता. हे साधे निरीक्षण मान्य व्हावयास पाच वर्षे लागली! रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ साली जाहीरपणे बाजू घेतली, तेव्हा ते निर्दोष ठरले.

ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण कलकत्त्यास; मुंबईची जागा भरली गेली होती. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले, व पाच वर्षांनी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.